न्हाय म्हणायचा मान

शांतादेवी मठपतींना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. हे त्या स्वतःच सांगतात आणि मान ताठ ठेवून सांगतात. आपल्याकडे न कळलेली गोष्ट माणूस झाकून ठेवतो. चारचौघांत मान डोलावतो, घरी गेल्यावर हळूच कुणालातरी विचारतो. शांताक्कांना ते कधी जमलंच नाही. कळलं नाही की 'कळलं न्हाय' असं त्या लक्ष्मीपुरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

त्यांचं माहेर शिरोळकडचं, कृष्णाकाठचं. घरात कानडी, दारात मराठी, आणि भांडण लागलं तर दोन्ही. लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या, लक्ष्मीपुरीतल्या रुद्रय्या मठपतींच्या धान्याच्या दुकानावर. चार वर्षांत इथल्या बायकांसारख्या 'मी जातो, मी करतो' म्हणायला लागल्या. धाकट्या जावेनं अक्का म्हटलं, मग नणंदांनी, मग हमालांनी, आणि शेवटी सगळ्या पेठेच्याच त्या शांताक्का झाल्या. पोरी लग्न होऊन गेल्यावर दुपारचा वेळ खायला उठायचा. दुकानासमोर माडीवर सार्वजनिक वाचनालय होतं. तिथल्या कादंबऱ्या त्यांनी एका कडेनं वाचून काढल्या. म्हातारे ग्रंथपाल मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा दुपारी वाचनालय उघडं कोण ठेवणार हा प्रश्न पडला. कमिटी विचार करत बसली आणि शांताक्का किल्ली घेऊन वर जाऊन बसल्या.

ह्याच वाचनालयात २००४ साली करवीर मोकळं सॉफ्टवेअर मंडळ येऊन थडकलं. कोल्हापुरात चार माणसं जमली की मंडळ होतं, त्यामुळे नावाचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कामाचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करणारा सोमेश, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी मैथिली, आणि त्यांच्यासारखेच आणखी काहीजण दर रविवारी जमून प्रोग्राम लिहायचे आणि लिहिलेलं लोकांना देऊन टाकायचे. मोकळं म्हणजे कुलूप नसलेलं. ज्याला हवं त्यानं न्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं, पुढं दुसऱ्याला द्यावं. "आनी ह्यातनं तुमास्नी काय मिळतंय?" असं रुद्रय्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सोमेश हसून म्हणाला, "डोकेदुखी, मामा."

त्यांनी सार्वजनिक वाचनालयांसाठी मराठीत एक प्रोग्राम केला होता. पुस्तकं कुणी नेली, कुणी परत दिली, कपाटात कोणतं आहे, सगळं त्यात राहायचं. नाव ठेवलं होतं 'देवघेव', कारण वाचनालयात जिथं पुस्तकं बदलून मिळतात त्या टेबलाला हेच म्हणतात. प्रोग्रामचं कौतुक खूप झालं. वापर मात्र कुणी करेना. जिथं जिथं बसवला तिथं कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड पडलं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार मिळायचा आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तो कापडाखाली झोपायचा. काय चुकतंय हे सांगायला कुणी येत नव्हतं. आपल्याला येत नाही म्हणजे चूक आपलीच, असं जो तो धरून चालला होता.

सोमेशनं लक्ष्मीपुरीत मशीन आणून लावलं आणि खुर्ची शांताक्कांच्या पुढं सरकवली.

"बसा अक्का."

"मला काय येतंय त्यातलं?"

"येत न्हाय म्हणूनच बसा. ज्याला येतंय त्यो बसून काय उपेग?"

शांताक्का बसल्या. तेवढ्यात वसंतराव नावाचे एक वाचक पुस्तक परत द्यायला आले. सोमेशनं दाखवल्याप्रमाणे शांताक्कांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा जरा रागानं दाबलं. सोमेश बोट पुढं करायला लागला तसा त्यांनी त्याचा हात बाजूला सारला.

"त्यानं घेतलं का न्हाय घेतलं, मला कसं कळावं? पुस्तक हातात दिलं की म्हातारे ग्रंथपाल 'हं' तरी म्हणायचे. ह्ये बेनं मुकं हाय का?"

कॉम्प्युटरनं वसंतरावांचं एकच पुस्तक तीनदा जमा करून घेतलं होतं. सोमेश कपाळाला हात लावून बसला. इतके दिवस मंडळातल्या कुणालाच हे दिसलं नव्हतं, कारण बटण दाबल्यावर आत काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. ज्यानं घर बांधलं त्याला अंधारातसुद्धा उंबरा सापडतो. ठेच लागते ती पाहुण्याला.

पुढच्या रविवारी शांताक्कांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: 'पुस्तक जमा झालं.' त्यांनी ती मोठ्यानं वाचली. मग सोमेशकडं वळून विचारलं, "ह्ये माझ्या सांगण्यावरनं?"

"तुमच्याच."

"आनी बाकी गावातनी बी आसंच दिसणार?"

"जिथं जिथं देवघेव हाय तिथं सगळीकडं."

शांताक्कांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संसारात लोकांनी त्यांना खूप काही विचारलं होतं. कांदालसूण मसाल्याला मिरची कुठली, हुग्गीच्या खिरीला खपली गहू किती भिजवायचा, कुणाच्या पोरीला स्थळ कुठं बघायचं. पण 'तुम्हाला काय कळलं नाही' असं कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे जगातली एक वस्तू बदलून तर कुणीच आणली नव्हती. त्या दिवशी जिना उतरताना दुकानापर्यंत जी जी ओळखीची माणसं भेटली त्या सगळ्यांना त्यांनी थांबवून सांगितलं.

मंडळाचेही पाय जमिनीवर राहिले नाहीत. असा माणूस तर हवा होता! मैथिलीनं कुठंतरी वाचलं होतं, की परदेशातल्या अशा मंडळींत नव्यानं येणाऱ्याला, मुख्य म्हणजे ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही अशाला, काहीतरी बक्षीस देतात म्हणजे तो टिकतो. कुठं टी-शर्ट, कुठं प्रमाणपत्र. हे तिनं बैठकीत मांडलं आणि सगळ्यांना एकदम पटलं. मग कोल्हापुरात बक्षीस म्हणजे काय, ह्यावर चर्चा व्हायचं कारणच नव्हतं. वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या. शाल, श्रीफळ, गुलाबी फेटा. पहिला मान शांताक्कांचा. मग जोतीराम रिक्षावाल्याचा, जो रंकाळ्याकडच्या एका वाचनालयाचा चिटणीस होता आणि ज्यानं पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत अशी तक्रार केली होती. त्यांच्यामागून आणखी दोघांचा. भाषणं झाली, पेढे झाले. शांताक्कांचा फेट्यातला फोटो रुद्रय्यांनी मोठा करून गल्ल्याच्या वर टांगला.

आणि पुढच्या रविवारी सत्कार झालेल्यांपैकी एकही माणूस आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मंडळाला वाटलं, लोकांचा उत्साह असाच असतो, अळवावरचं पाणी. शांताक्का तर चिडल्या असाव्यात, कारण दुपारी वाचनालयात बसायच्या पण रविवारी मंडळ जमायच्या आत किल्ली ठेवून निघून जायच्या. कुणी त्यांना विचारलं नाही. मोठ्या माणसाला कसं विचारायचं?

इकडं शांताक्कांचा जीव वर टांगलेला. रविवार आला की भाकऱ्या करपायच्या. समोरच्या माडीवरून हसण्याचे आवाज आले की त्या उगाच तांदळाच्या पोत्यात हात घालून चाळत बसायच्या. मंडळात त्यांना परत जायचं होतं. दुसरं काही म्हणून नको होतं. तिथं आपल्या बोलण्याला वजन होतं, की ते एकदाचं कौतुक करून मंडळी मोकळी झाली, एवढंच त्यांना कळत नव्हतं. आणि फोटोकडं बघितलं की दुसरंच खरं वाटायचं.

शेवटी सोमेशच एकदा दुकानात आला, शेंगदाणे घ्यायला. पुडी बांधेपर्यंत चुळबुळत उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, रागावलासा काय आमच्यावर?"

"रागवू कशाला? तुमीच निरोप दिलासा की."

"निरोप? सत्कार केला अक्का तुमचा!"

"आरं, शाल आनी नारळ कवा देत्यात? मास्तर रिटायर झाला की देत्यात. तलाठ्याची बदली झाली की देत्यात. घेतला की गप घरला जायाचं. नारळ घिऊन बी जो दारात घुटमळतो त्याला लोक काय म्हणत्यात म्हाईत हाय न्हवं?"

सोमेशनं पुडी गल्ल्यावर ठेवली. त्याच्या डोळ्यांपुढून कारखान्यातले सगळे निरोप समारंभ गेले असणार. नारळ देणं म्हणजे घरी पाठवणं, हे कोल्हापुरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि ह्या हुशार मंडळींनी पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला वाजतगाजत नारळ दिला होता. तो तसाच रिक्षा स्टँडवर गेला. जोतीराम म्हणाला, "मला वाटलं झालं माझं काम. फेटा बी बांधलासा, आता आनी काय ऱ्हायलं?"

त्या रविवारी शांताक्का पुन्हा माडीवर गेल्या. सोमेशनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि हसून हसून मंडळाची मुरकुंडी वळली. शांताक्कांना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हायला पायजे आसं वाटत आसंल तर कपाटात ठेवायची वस्तू देऊ नगासा. जी परत आणून द्याला लागती आशी द्या."

"अशी कुठली वस्तू?" मैथिलीनं विचारलं.

"डबा."

शेजारणीनं काही घालून पाठवलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबरच ते येतं. शांताक्कांनी दुसऱ्याच दिवशी भांड्याच्या दुकानातून स्टीलचे डबे आणले, त्यांत शेंगदाण्याचे लाडू भरले आणि सांगून टाकलं, की जो कोणी नवा माणूस देवघेव चालवून बघेल आणि कुठं अडलं ते सांगेल, त्यानं डबा घरी न्यायचा. लाडू पोराबाळांनी खायचे. डबा मंडळाचा, तो परत आणायचा. परत आला की भांडीवाल्याकडं नेऊन त्यावर त्या माणसाचं नाव घालायचं, आणि मग तोच डबा पुढच्या नव्या माणसाकडं जायचा.

धवल नावाचा एक तरणा प्रोग्रामवाला जरा कुरकुरला. "आम्ही दिवसभर लिहितो, आम्हाला काही नाही. आणि जे नावं ठेवतात त्यांना लाडू?"

"तू बी ठेव की नावं. तुला बी देतो," शांताक्का म्हणाल्या.

पहिला डबा जोतीरामकडं गेला. तो आठवडाभरात परत आला तो वरण्याच्या शेंगांनी भरून, बायकोनं शेतातल्या घातल्या होत्या. आणि डबा द्यायला आलेला माणूस उभ्याउभ्या थोडाच जातो? चहा झाला. चहाबरोबर जोतीरामला आठवलं, की दिवसभर हँडल धरून हात थरथरतो, त्यामुळं शेजारचंच बटण दाबलं जातं. बटणं मोठी झाली. डब्यावर जोतीरामचं नाव आलं. नाव बघायला त्यानं स्टँडवरच्या दोघांना आणलं, त्यातल्या एकाची बहीण एका वाचनालयात कामाला होती, ती आली. डब्यांतून काकड्या आल्या, धपाटी आली, एकदा चक्क जिवंत कोंबडीचं पिल्लू आलं, ते मठपतींच्या शाकाहारी घरात कुणी ठेवायचं ह्यावरून वाद झाला. पण प्रत्येक डब्याबरोबर माणूस परत आला, आणि प्रत्येक माणसाबरोबर एक अडचण आली. वर्ष फिरलं तेव्हा कितीतरी वाचनालयांतल्या मशीनवरचं फुलाफुलांचं कापड निघालेलं होतं. रुद्रय्या म्हणायचे, "दुकानातलं शेंगदाणं पैलं मंडळाला, उरलं तर गिऱ्हाइकाला." म्हणायचे आणि पोतं स्वतःच सोडून द्यायचे.

मैथिलीच्या मनात मात्र काहीतरी घोळत होतं. एका रविवारी ती म्हणाली, "काकू, डब्यानं माणूस परत येतो, पण त्याचं ऐकलं तरच तो राहतो. मी म्हणते, ऐकण्याचा नियमच करू या." नियम असा झाला: देवघेवची नवी आवृत्ती बाहेर काढायच्या आधी मंडळातल्या सगळ्यात नव्या माणसानं ती एकट्यानं चालवायची. शेजारी बसून कुणी बोट दाखवायचं नाही. शांताक्कांनी बघायचं. त्या 'व्हय' म्हणाल्या तरच आवृत्ती बाहेर जाईल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या काही टाळ्या लहान मुलीनं गाणं म्हटल्यावर वाजवतात तशा होत्या. शांताक्का काही दुधखुळ्या नव्हत्या, त्यांना ते ऐकू आलं. 'व्हय' म्हणायचा मान द्यायला कुणाचं काय जातं? हा मान खरा की हाही नारळच, हे त्यांच्या मनात राहून गेलं, आणि पुढची दोन-तीन वेळा सगळं सुरळीत पार पडल्यामुळं तसंच राहिलं.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला. शिरोळकडची गावं पाण्यात गेली. शांताक्कांच्या माहेरच्या शेजारच्या गावात वाचनालयाची खोली छपरापर्यंत बुडाली होती. तिथं झाडलोट करणारी, पुस्तकं लावणारी झुंबरबाई नावाची एक विधवा बाई होती. पाणी उतरल्यावर जी पुस्तकं बचावली ती तिनं एकेक पान सुटं करून उन्हात वाळवली. नोंदी सगळ्या वाहून गेल्या होत्या. पुरानंतर गावाला एक कॉम्प्युटर दान मिळाला होता. कुणीतरी तिला सांगितलं, कोल्हापुरात शांताक्का आहेत, त्यांना भेट. ती एसटीनं आली, भेटली, आणि दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मंडळातला सगळ्यात नवा माणूस तीच होती.

त्याच फेब्रुवारीत देवघेवची मोठी आवृत्ती निघायची होती. मंडळानं ह्या वेळी मेळावाच घेतला. जिल्ह्यातल्या वाचनालयांची माणसं आली. वारणानगरकडची आली, कागलची आली, गडहिंग्लजची आली. स्टेजवर पाहुणे, टेबलावर नव्या सीडींची चळत, तिच्यावर निशिगंधाचा हार. पहिली सीडी पाहुण्यांच्या हस्ते द्यायची होती. रुद्रय्यांनीही त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

नियमाप्रमाणे झुंबरबाईला स्टेजच्या कडेला मशीनपुढं बसवलं. स्वागतगीत चालू होतं, पाहुणे घड्याळाकडं बघत होते. झुंबरबाईनं पिशवीतून आपलं एक वाळवलेलं, फुगलेलं पुस्तक काढलं आणि नाव घातलं. मशीननं दाखल नंबर मागितला. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला हा नंबर पडतो. सोमेशला सगळं नीट, ओळीनं हवं होतं म्हणून नव्या आवृत्तीत त्यानं तो सक्तीचा केला होता. झुंबरबाईच्या पुस्तकावरचा नंबर कृष्णेनं नेला होता. तिनं पान उलटलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं. मशीन पुढं सरकेना. तिनं इकडंतिकडं पाहिलं, एवढी माणसं खोळंबलेली दिसली, आणि हात मांडीवर ठेवून ती हसरा चेहरा करून बसली.

"जमलं का बाई?" शांताक्कांनी जवळ जाऊन विचारलं.

"जमलं की अक्का. समदं जमलं." आवाज इतका बारीक, की ओठांवरूनच कळावं.

शांताक्कांनी पडदा पाहिला. मग झुंबरबाईचे हात पाहिले. एकात एक घट्ट अडकवलेले. आपल्यामुळं मोठ्या माणसांचा खोळंबा नको म्हणून बाई खोटं बोलत होती. आज आपण 'व्हय' म्हणालो तर ही गावी जाईल, मशीनवर कापड टाकेल आणि आपल्याला अक्कल नाही म्हणून जन्मभर गप्प बसेल, हे शांताक्कांना लख्ख दिसलं. सूत्रसंचालन करणारा माईकवरून म्हणत होता, "आणि आता आपल्या लाडक्या शांताक्का आपल्याला होकार देतील..."

नाही म्हणायचा हक्क आपल्याला खरंच दिलाय का, ते आता कळणार होतं. नसला दिला, तर तेही सगळ्या जिल्ह्यासमोर कळणार होतं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. माईकची गरज पडली नाही. "ह्ये आज भाईर जायाचं न्हाय."

पहिल्या रांगेतले गणपतराव, एका मोठ्या वाचनालयाचे अध्यक्ष, अर्धे उठले. "अवो बाई, आसं काय करतासा? पावणं बसल्यात. एका बाईचं अडलं म्हणून समद्यांनी थांबायचं?"

"एकीचं न्हाय. पुरात बुडालेली जेवढी गावं हाईत त्यांचं समद्यांचं हितंच अडणार. ही निदान कोल्हापूरपतुर आली तरी. बाकीची येणारबी न्हाईत आनी सांगणारबी न्हाईत."

धवल घाईनं पुढं आला. "अक्का, हो म्हणा आत्ता. नंतर दुरुस्त करू."

मैथिली पडद्यापुढं वाकून उभी होती. ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "नुसतं दुरुस्त करून नाही भागायचं. हे पायापासून बदलावं लागेल. महिना जाईल. ह्या सगळ्या सीडी फुकट."

सगळ्यांचे डोळे सोमेशकडं वळले. तो स्टेजवर पाहुण्यांशेजारी उभा होता, हातात पहिली सीडी. वर्षभराचं काम होतं ते त्याचं. शांताक्का त्याच्याकडं बघत होत्या आणि त्यांना वाटलं, हा पोरगा आता हसेल, दोन गोड शब्द बोलेल आणि आपल्याला खुर्चीवर नेऊन बसवेल.

सोमेशनं सीडी चळतीवर परत ठेवली. माईक हातात घेतला.

"पाहुण्यांची आणि आपल्या सगळ्यांची माफी मागतो," तो म्हणाला. "आज आवृत्ती निघणार नाही. ती कधी निघणार ते शांताक्का आणि झुंबरबाई सांगतील. चहा तयार आहे, तो मात्र घेऊनच जायचा."

मग जोतीरामनं मागून पहिली टाळी वाजवली, त्याच्या शेजारच्यांनी वाजवली, आणि बघता बघता सभागृह दणाणलं. ह्या टाळ्या वेगळ्या होत्या. शांताक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. अभिमान वाटला तर तो त्या कधी लपवत नाहीत.

टाळ्या ओसरत होत्या तेव्हा शेवटच्या रांगेतून कुणीतरी विचारताना ऐकू आलं, "कोण वो ह्या बाई? इंजिनेर हाईत काय?"

आणि त्यावर रुद्रय्यांचा आवाज, पोती मोजताना लावतात तो, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा:

"न्हाय वो पावणं. नववी नापास हाय. आमची मंडळी हाय ती!"

सगळं सभागृह हसलं, पाहुणेसुद्धा हसले. शांताक्काही हसल्या. मग त्यांनी एक खुर्ची ओढली, झुंबरबाईच्या शेजारी टेकल्या आणि तिचे घट्ट धरलेले हात सोडवत म्हणाल्या, "आता खरं सांग बाई. कुटं अडलं?"